बोअर मारण्याआधी : गाडीवाला कसा निवडावा, पैसे किती धरावेत

फेब्रुवारी उलटला की विहिरी तळ दाखवू लागतात आणि गावोगाव बोअरच्या गाड्या फिरू लागतात. रब्बी निघालेली असते, रान मोकळं असतं, काळ्या जमिनीतही गाडी रुतत नाही. घाईचे सगळे निर्णय याच दिवसांत होतात. शेजाऱ्याकडे आलेली गाडी आपल्याकडे वळवायची, भाव विचारायचा, फुटामागे पाच-दहा रुपये तोडून घ्यायचे आणि ‘मारा’ म्हणून मोकळं व्हायचं. मग बिल हातात आलं की ते ठरलेल्या भावाशी कुठल्याच बाजूने जुळत नाही.

याचं कारण साधं आहे. गाडीवाला फुटावर कमावतो. पाणी शंभर फुटांवर लागो, तीनशेवर लागो किंवा मुळीच न लागो, त्याचे पैसे खोलीप्रमाणे होतात. वेळेवर थांबण्यात फायदा फक्त आपला असतो. म्हणून गाडीवाला निवडताना तो फुटाला किती घेतो याच्या आधी केसिंग कसं लावतो, खोली कशी मोजून देतो आणि ‘थांबा’ म्हटल्यावर थांबतो का, हे पाहायचं. घरासाठी किंवा शेतीसाठी साडेसहा इंची बोअर घेणाऱ्यांना हा सगळा हिशेब आधीच मांडता यावा, यासाठी हे मार्गदर्शन.

आधी आपली जमीन समजून घ्या

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बसाल्ट खडकाचा आहे. लाव्हाच्या थरावर थर बसून तो तयार झाला. या खडकाच्या पोटात पाण्याचा साठा नसतो. पाणी असतं ते वरच्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यांत. सांध्यात बऱ्याचदा गेरूचा तांबडा पट्टा लागतो. त्याच्या आसपास पाणी मिळू शकतं, पण तोच पट्टा ओला झाला की ढासळतो आणि बोअर बुजवतो. मधला एकसंध काळा पाषाण जवळपास कोरडाच असतो. खाली जावं तशा भेगा कमी होत जातात, त्यामुळे खोल गेलं की पाणी लागतंच, हा हिशेब आपल्या जमिनीत चालत नाही.

सगळीकडे हीच जमीन नाही. तापी आणि पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे जळगाव, बुलडाणा, अकोला, अमरावती या जिल्ह्यांच्या काही भागांत, गाळाचा जाड थर आहे. तिथे हॅमरची गाडी कामाची नाही. रोटरी गाडी आणि खालपर्यंत जाळीदार पाइप लागतो, आणि खर्चाचं गणितच बदलतं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी लागलं तरी ते पिण्याजोगं निघेलच असं नाही. कोकणात आणि गोव्यात वर जांभा, त्याखाली मऊ शेडू माती, म्हणून केसिंग जास्त धरावं लागतं. किनाऱ्याजवळ खारं पाणी आत ओढलं जाण्याची भीती वेगळी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडे खडक आणखी निराळे. त्यामुळे गाडीवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा : आमच्या तालुक्यात, याच प्रकारच्या जमिनीत, तुम्ही किती बोअर घेतल्या? त्यांतल्या दोन-तीन कुठे आहेत?

पैसे न लागणारी सगळ्यात उपयोगी चौकशी शेजारीच होते. आसपासच्या चार-पाच बोअरवाल्यांना पाच गोष्टी विचारा : पहिलं पाणी किती फुटांवर लागलं, एकूण खोली किती, केसिंग किती, बोअर कोणत्या महिन्यात घेतली आणि मे महिन्यात मोटर किती वेळ चालते. ‘आमची चारशे फूट आहे’ या उत्तरावर थांबू नका. पाणी एकशे वीसवर लागून पुढचे दोनशे ऐंशी फूट कोरडे गेले असतील, तर तुमच्या कामाचा आकडा एकशे वीसचा आहे. दिवाळीच्या आसपास घेतलेल्या बोअरचं पाणीही जपून मोजा. पावसाळा नुकताच संपलेला असताना जे लागतं ते उन्हाळ्यात राहीलच असं नाही.

जागा कोण दाखवणार?

बहुतेक ठिकाणी पाणाड्याला बोलावलं जातं. हातात नारळ, लिंबाची दुबेळकी काडी किंवा तांब्याच्या सळ्या. त्याची जागा कधी बरोबर येते, कारण पाणी धरणाऱ्या जमिनीत थोडंफार पाणी बऱ्याच जागी सापडतं. श्रद्धेचा वाद इथे घालत नाही. एवढंच सांगतो की खोलीचा निर्णय त्याच्यावर सोपवू नका. ‘अजून पन्नास फूट, पाणी आहेच’ हे वाक्य त्याला फुकट पडतं, तुम्हाला पाच-सहा हजारांना.

भूवैज्ञानिकाकडून विद्युतरोधकता पद्धतीने पाहणी करून घेणं हा दुसरा मार्ग. जमिनीत चार सळ्या रोवून वीजप्रवाह सोडतात आणि खालचे थर त्याला किती विरोध करतात ते मोजतात. ओलसर, झिजलेला थर आणि कोरडा पाषाण यांत फरक दिसतो. यातूनही पाण्याची हमी मिळत नाही, पण कोणत्या खोलीपर्यंत शक्यता आहे आणि कुठून पुढे जाण्यात अर्थ नाही, याचा अंदाज लेखी मिळतो. या कागदाचा खरा उपयोग तोच आहे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्हा पातळीवर कार्यालयं आहेत. आपलं पाणलोट क्षेत्र सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित की अतिशोषित गटात आहे, ही माहिती तिथे मिळते. अतिशोषित क्षेत्रात नव्या बोअरवर लाखभर रुपये घालण्याआधी ही चौकशी कराच.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ प्रमाणे बोअर मारणाऱ्या गाडीची आणि ती चालवणाऱ्याची नोंदणी बंधनकारक आहे. ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल जाणाऱ्या विहिरीला हा कायदा खोल विहीर मानतो आणि तिच्यावर निर्बंध घालतो. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आतही बंधनं आहेत. गावात पाचशे-सातशे फुटांच्या बोअर सर्रास दिसतात म्हणून नियम नाहीत असं समजू नका. तक्रार झाली तर गाडी पुढच्या गावी गेलेली असते, जमीन मात्र तुमच्या नावावर असते. आपल्या जागेला नेमकं काय लागू होतं ते ग्रामपंचायतीत आणि भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या. शहरात महापालिकेची परवानगी पाहा. गोव्यात २००२ चा स्वतंत्र भूजल कायदा आहे आणि परवानगीशिवाय बोअर घेता येत नाही.

उघड्या बोअरमध्ये लहान मुलं पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये जे निर्देश दिले, ते सगळ्या देशाला लागू आहेत. काम सुरू करण्याच्या किमान १५ दिवस आधी स्थानिक अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. कामाच्या जागी मालकाचं आणि बोअर मारणाऱ्या एजन्सीचं नाव-पत्ता असलेली पाटी लावायची. काम चालू असताना भोवती काटेरी तारेचं कुंपण घालायचं. केसिंगभोवती अर्धा मीटर लांब-रुंद आणि ०.६० मीटर जाडीचा सिमेंटचा कट्टा करायचा, त्यातला निम्मा जमिनीच्या वर. तोंडावर लोखंडी झाकण वेल्डिंग करून किंवा नट-बोल्टने घट्ट बसवायचं. सोडून दिलेली बोअर तळापासून वरपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरायची. हे निर्देश माहीत असलेला, नोंदणीचा कागद लगेच दाखवणारा गाडीवाला निम्मी परीक्षा तिथेच पास होतो.

मालक, एजंट आणि गाडी

राज्यात फिरणाऱ्या अनेक गाड्या तमिळनाडूतल्या आहेत. नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोडे हे गाव बोअरच्या गाड्यांसाठी देशभर ओळखलं जातं. गाडीवरचे कामगार कसबी असतात, पण ते तुमच्याशी भाव ठरवत नाहीत. मध्ये स्थानिक एजंट असतो आणि त्याचं कमिशन बहुधा फुटामागे ठरलेलं असतं. म्हणजे खोल जाण्यात आता दोघांचा फायदा.

एजंट नकोच असं नाही. काम फसलं तर गावात सापडतो तो एजंटच. पण तीन गोष्टी पक्क्या करा. बिल कोणाच्या नावाने येणार, गाडी कोणाच्या नावावर आहे आणि बोअर अडकली किंवा हॅमर आत तुटला तर जबाबदारी कोणाची. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बोलणी चालू असतानाच घ्यायचं असतं. हॅमर किंवा रॉड खाली अडकून पडले तर ती बोअर वाया जाते. तोपर्यंतच्या फुटांचे पैसे तुम्ही द्यायचे की शेजारी नवी बोअर त्यांनी त्यांच्या खर्चाने मारून द्यायची, हे आधी ठरलेलं नसेल तर वाद ठरलेला.

गाडी किती जुनी आहे यापेक्षा तिच्या कॉम्प्रेसरची ताकद पाहा. हॅमर हवेच्या दाबावर चालतो आणि खालचा चुरा हवाच वर फेकते. कॉम्प्रेसर कमी पडला की काम रेंगाळतं, चुरा भेगांत बसतो आणि बारीक झरे बुजतात. गाडी आपल्या जागेत येईल का, हेही आधी दाखवून घ्या. रस्त्याची रुंदी, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, गाडीमागचा रॉडचा दुसरा ट्रक. सेप्टिक टँक किंवा शोषखड्ड्यापासून किमान १५ मीटर, म्हणजे पन्नास फूट, अंतर ठेवा. घराच्या छोट्या प्लॉटवर जागा ठरते ती बहुधा याच अटीमुळे.

भावाचे तुकडे

साडेसहा इंची बोअरसाठी बहुतेक जिल्ह्यांत फुटाला ८० ते १३० रुपयांच्या दरम्यान भाव ऐकायला मिळतो. डिझेल, मोसम आणि गाडी किती लांबून येते यावर तो हलतो. पण या एका आकड्याखाली बिलात पाच ओळी दडलेल्या असतात.

पहिली ओळ, स्लॅब. ठरावीक खोलीनंतर फुटाचा भाव वाढतो. तो कुठून आणि किती वाढतो ते विचारा. वाढीव भाव फक्त पुढच्या फुटांना की पहिल्यापासून सगळ्या फुटांना, हे तर लिहूनच घ्या.

दुसरी, केसिंग. वरचा माती-मुरमाचा थर ढासळू नये म्हणून पाइप घालतात. इथे बिल सगळ्यात जास्त फुगतं. पीव्हीसी केसिंगला बोअरच्या फुटाच्या चार-पाचपट भाव लागू शकतो. पाइपवर आयएस १२८१८ हा आकडा छापलेला आहे का पाहा, बोअरच्या केसिंगचं मानक तेच. शेतीच्या पाइपलाइनचे पाइप आयएस ४९८५ चे असतात. दिसायला सारखे, किमतीत स्वस्त, पण काम वेगळं. पाइप तुम्ही आणून दिले तर चालतील का, हेही विचारा. जो गाडीवाला ‘पाइप आमचेच’ असा हट्ट धरतो, त्याचा फुटाचा भाव कमी का आहे ते तिथे कळतं.

तिसरी, वरच्या थरासाठी मोठा बिट. केसिंग बसण्यासाठी तेवढं छिद्र मोठं पाडावं लागतं. काहीजण तो भाव वेगळा लावतात.

चौथी, फ्लशिंग. बोअर पूर्ण झाल्यावर हवेने धुऊन काढणं. हे भावात धरलेलं आहे का?

पाचवी, गाडीभाडं आणि किमान फूट. ‘दोनशे फुटांच्या आत थांबलं तरी दोनशेचेच पैसे’ अशी अट असू शकते. ती असेल तर शंभरावर भरपूर पाणी लागूनही तुमची बचत शून्य.

या सगळ्यावर जीएसटी धरून की वगळून, तेही विचारा आणि पक्कं बिल मिळेल का ते.

एक नमुना हिशेब

समजा बोअर ३५० फूट गेली आणि केसिंग ६० फूट लागलं. दोन गाडीवाल्यांचे भाव पुढीलप्रमाणे धरू. आकडे समजण्यासाठी आहेत. आपल्या भागातले भाव घालून हाच हिशेब पुन्हा मांडा.

पहिला म्हणतो, ‘नव्वद रुपये फूट.’ २०० फुटांपुढे दर शंभर फुटांना दहा रुपये वाढ, केसिंग ५५० रुपये फूट, फ्लशिंग ३,००० आणि गाडीभाडं २,००० वेगळं.

- पहिले २०० फूट, ९० प्रमाणे : १८,००० रुपये
- पुढचे १०० फूट, १०० प्रमाणे : १०,००० रुपये
- शेवटचे ५० फूट, ११० प्रमाणे : ५,५०० रुपये
- केसिंग ६० फूट : ३३,००० रुपये
- फ्लशिंग आणि भाडं : ५,००० रुपये
- एकूण : ७१,५०० रुपये

दुसरा म्हणतो, ‘एकशे पाच रुपये फूट.’ ४०० फुटांपर्यंत एकच भाव, केसिंग ४०० रुपये फूट, बाकी सगळं धरून.

- ३५० फूट, १०५ प्रमाणे : ३६,७५० रुपये
- केसिंग ६० फूट : २४,००० रुपये
- एकूण : ६०,७५० रुपये

नव्वदवाला एकशे पाचवाल्यापेक्षा १०,७५० रुपयांनी महाग पडला. पहिल्याने वाढीव स्लॅब सगळ्या फुटांना लावला असता, तर ३५० गुणिले ११० म्हणजे ३८,५०० झाले असते, आणखी ५,००० रुपये. म्हणून कोटेशन मागताना फुटाचा भाव मागू नका. ‘दोनशे, तीनशे आणि चारशे फुटांना, साठ फूट केसिंग धरून, सगळं मिळून किती?’ असे तीन आकडे मागा आणि किमान तिघांकडून मागा.

गाडी चालू असताना

बोअर बऱ्याचदा संध्याकाळी सुरू होते आणि रात्रभर चालते. घरातलं एक जागरूक माणूस शेवटपर्यंत तिथे हवं. हातात वही, पेन, टेप आणि घड्याळ.

काम सुरू होण्याआधी एका रॉडची लांबी टेपने मोजा. मोठ्या गाड्यांचे रॉड बहुधा वीस फुटी असतात, पण लहानही येतात. मग प्रत्येक रॉड खाली उतरला की वहीत एक ओळ : रॉडचा क्रमांक, उतरला ती वेळ, वर येणाऱ्या धुरळ्याचा रंग आणि ओल. राखाडी कोरडा धुरळा आणि सावकाश उतरणारा रॉड म्हणजे काळा पाषाण. रॉड अचानक भरभर उतरला तर मऊ थर किंवा भेग. धुरळा तांबडा झाला की गेरू. धुरळा उडायचा थांबून चिखलाचे गोळे येऊ लागले की ओल. पाण्याची धार आली की तो रॉड आणि फूट ठळक लिहा. धार पुढे वाढली तर कोणत्या रॉडला, तेही. प्रत्येक रॉडचा मूठभर चुरा कागदाच्या पुडीत घालून क्रमांक टाकून ठेवला तर आणखी चांगलं. मोटर किती खोल सोडायची, पुढे बोअर बुजली तर कुठे, या प्रश्नांची उत्तरं याच वहीत असतात.

केसिंगचे पाइप आत जाण्याआधी मोजून घ्या आणि उरलेले किती परत गेले तेही लिहा. चाळीस फूट घालून साठचं बिल होण्याची जागा हीच. केसिंग कठीण खडकात एक-दोन फूट तरी घट्ट बसलं पाहिजे. ते मुरमातच थांबवलं तर पावसाळ्यात गढूळ पाणी आत येतं आणि हळूहळू बोअर भरते. खाली जाड गेरू लागला असेल तर तेवढ्या भागात आतून लहान व्यासाचा पाइप घालावा लागेल का, हे गाडी जाण्याआधी ठरवा. गेरूत मोटर अडकली की ती काढायला येणारा माणूस बोअरवाल्यापेक्षा महाग पडतो.

शेवटी सुतळीला वजन बांधून तळ मोजा. रॉडची संख्या, सुतळी आणि बिल या तिन्हींत एकच आकडा यायला हवा.

थांबायचं कुठे?

हा निर्णय गाडी येण्याआधी, डोकं शांत असताना घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ‘१८० फुटांपर्यंत जायचं. त्यापुढे प्रत्येक रॉडला आमची परवानगी. २४० ला काही झालं तरी बंद.’ आकडे तुमच्या शेजाऱ्यांच्या माहितीवरून आणि पाहणीच्या अहवालावरून येतील. कायद्याची मर्यादा लक्षात ठेवूनच ते ठरवा. रात्री दोन वाजता, साठ हजार गेलेले असताना, ‘इतकं आलोच आहोत तर’ म्हणणं सोपं असतं. शंभर-सव्वाशे फूट सलग काळा पाषाण आणि ओलीचा पत्ता नाही, अशी नोंद वहीत असेल तर ती नोंदच ‘थांबा’ म्हणते.

खोल जाण्यासाठी आणखी एक कारण पुढे केलं जातं : ‘पाणी लागलंय, आता साठ्यासाठी शंभर फूट घेऊ.’ साडेसहा इंची छिद्रात एका फुटात साडेसहा लिटर पाणी मावतं. शंभर फुटांत झालं साडेसहाशे लिटर. अकरा हजार रुपये देऊन साडेसहाशे लिटरचं भांडं जमिनीखाली घेण्यापेक्षा त्याहून कमी पैशांत हजार लिटरची टाकी गच्चीवर बसते. मोटर पाण्याच्या झऱ्याखाली बसावी आणि खाली गाळाला जागा राहावी, एवढी वीस-तीस फुटांची जादा खोली योग्य आहे. त्यापुढची खोली फक्त गाडीवाल्याच्या उपयोगाची.

पाण्याची हमी देणाऱ्या गाडीवाल्यापासून लांबच राहा. खडकातल्या भेगा त्यालाही दिसत नाहीत. हमी देता येते ती कामाची : बोअर सरळ असेल, केसिंग खडकात बसेल, खोली मोजून मिळेल.

‘दोन इंची पाणी’ म्हणजे किती?

पाणी लागलं की इंचांची भाषा सुरू होते. हे इंच येतात ते काटकोनी व्ही आकाराच्या खाचेतून. पत्र्याच्या खाचेतून पाणी वाहताना त्याची उंची किती इंच, ते मोजतात. खाच वर रुंद होत जाते, त्यामुळे उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाचपटीहून जास्त वाढतं. एक इंची म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर, दोन इंची म्हणजे सुमारे २,९०० लिटर आणि तीन इंची म्हणजे जवळपास ८,००० लिटर. एका कुटुंबाच्या घरगुती वापराला एक इंचीही पुरते. ठिबकवरच्या एखाद्या एकराला मात्र पीक पाहून हिशेब करावा लागतो.

बहुतेक गाडीवाले खाच लावत नाहीत, धारेकडे पाहून ‘अडीच इंची’ म्हणतात. तुम्ही वीस लिटरचा कॅन लावा. तो पंचवीस सेकंदांत भरला तर दोन इंची, सव्वादोन मिनिटांच्या पुढे गेला तर एक इंची. मोजणी अर्धा-पाऊण तास सलग हवा मारल्यावर करा. सुरुवातीला बोअरमध्ये साचलेलं पाणी उसळून येतं आणि आकडा खोटा निघतो.

गाडी गेल्यानंतरचा खर्च

सबमर्सिबल मोटर, केबल, पाइप, दोर, पॅनल आणि बसवणी यांना घरगुती बोअरसाठीही तीस-चाळीस हजार बाजूला ठेवा. मोटरची ताकद शेजाऱ्याची पाहून ठरवू नका. झऱ्याची खोली आणि मोजलेलं पाणी, हे दोनच आकडे दुकानदाराला द्या. पाणी तासाला पाचशे लिटर आणि मोटर दोन हजार ओढणारी घेतली, तर ती कोरडी चालून जळते. कोरडी चालल्यावर आपोआप बंद पडणारा पॅनल या जमिनीत चैनीची वस्तू नाही. पाणी पिण्यासाठी वापरणार असाल तर आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या.

पाणी कमी लागलं म्हणून लगेच दुसरी बोअर मारण्याआधी दोन उपाय पाहा. हायड्रोफ्रॅक्चरिंगमध्ये बोअरमध्ये दाबाने पाणी सोडून बुजलेल्या भेगा मोकळ्या करतात. भूजल यंत्रणा ते गेली अनेक वर्षं वापरते. दुसरा, पुनर्भरण. छपराचं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरला किंवा तिच्याभोवतीच्या खड्ड्याला देणं. अंगणातलं, रस्त्यावरचं पाणी थेट बोअरमध्ये सोडू नका. एकदा घाण आत गेली की ती काढता येत नाही.

लेखी काय घ्यावं, वाद झाला तर कुठे जावं

एका कागदावर, दोघांच्या सह्यांनी, एवढं हवंच :

- मालकाचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि गाडीचा क्रमांक
- व्यास, फुटाचा भाव, स्लॅब आणि तो कोणत्या फुटांना लागू
- केसिंगचा प्रकार, मानक, फुटाचा भाव आणि न वापरलेले पाइप परत घेण्याची अट
- फ्लशिंग, मोठा बिट, गाडीभाडं, कर : धरून की वेगळे
- थांबण्याची खोली आणि त्यापुढे कोणाची परवानगी
- हॅमर अडकला, बोअर ढासळली तर कोणाची जबाबदारी
- पैसे कधी आणि किती

आगाऊ रक्कम डिझेलपुरती ठेवा आणि शक्यतो बँकेतून द्या. उरलेले पैसे सुतळीने खोली मोजून झाल्यावर, कट्ट्याआधीचं तात्पुरतं झाकण बसल्यावर आणि पक्कं बिल हातात आल्यावरच द्या.

कोरडी निघाली म्हणून पैसे परत मिळत नाहीत आणि ग्राहक आयोगातही ते मागून फारसा उपयोग नाही. कमी केसिंग, फुगवलेली खोली, ठरल्यापेक्षा वेगळा पाइप या मात्र सेवेतल्या उघड त्रुटी आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. उपजीविकेसाठी शेती करणारा शेतकरीही ग्राहक ठरतो. तिथे तुमच्या बाजूने बोलणार आहेत तो सह्यांचा कागद, पक्कं बिल आणि रॉड-रॉडची नोंद असलेली वही. या तिन्हींना मिळून खर्च एका वहीचा. गाडीवाला यांतल्या कशालाही नाही म्हणत असेल, तर त्याचा भाव कितीही कमी असो, दुसऱ्याला फोन लावा.